अमेरिकी लष्करी गणवेश: बघावा कसा, जपावा कसा, द्यावा कोणाला

अमेरिकेत मुलांकडे जाऊन आलेले वाचक संग्रहालयांबद्दल बोलू लागले की एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘काचेआड लष्करी कोट रांगेने उभे होते, पाट्या वाचल्या, फोटो काढले, पण कोट काय सांगतोय ते काही कळलं नाही.’ तिथे स्थायिक झालेल्यांचा प्रश्न वेगळा असतो: ‘जुनं घर घेतलं, माळ्यावरच्या ट्रंकेत एक गणवेश निघाला. त्याचं काय करू?’ आणि इथल्या हौशी संग्राहकांचा आणखी वेगळा: ‘चोरबाजारात अमेरिकी सैन्याचा जरीचा बिल्ला मिळाला. खरा असेल का?’

या तिघांनाही आधी कोट वाचता यायला हवा. अमेरिकी गणवेशावर कुठलीच गोष्ट निव्वळ शोभेसाठी नसते. कुठल्या दंडावर काय शिवलंय, मनगटाजवळ किती पट्ट्या आहेत, खिशाच्या वर काय आहे, हे सगळं नियमांनी ठरलेलं असतं. एकदा क्रम कळला की पाटी न वाचताही निम्मी हकिगत हाती लागते. म्हणून आधी संग्रहालयं आणि कोट वाचायची पद्धत बघू. सापडलेल्या वस्तूचं काय करायचं आणि कायदा काय म्हणतो, ते त्यानंतर.

कुठे जाल?

मोठी संग्रहालयं भरपूर आहेत. गणवेशांसाठी मुद्दाम वाकडी वाट करावी अशी ही काही:

- वॉशिंग्टन: स्मिथसोनियनचं ‘नॅशनल म्युझियम ऑफ अमेरिकन हिस्टरी’. प्रवेश मोफत. जॉर्ज वॉशिंग्टनचा निळा-बदामी गणवेश यांच्याच संग्रहात आहे.
- फोर्ट बेल्व्हॉर, व्हर्जिनिया: ‘नॅशनल म्युझियम ऑफ द युनायटेड स्टेट्स आर्मी’. ११ नोव्हेंबर २०२० रोजी उघडलं. मोफत. पत्ता लष्करी तळाचा दिसला तरी घाबरू नका, संग्रहालय सर्वसामान्यांना खुलं आहे.
- ट्रँगल, व्हर्जिनिया: मरीन कोअरचं राष्ट्रीय संग्रहालय. मोफत.
- डेटन, ओहायो: हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय. मोफत, पण अवाढव्य. विमानंच बघत बसाल आणि गणवेश राहून जातील.
- न्यू ऑर्लिन्स (दुसरं महायुद्ध) आणि कॅन्सस सिटी (पहिलं महायुद्ध): दोन्हीकडे तिकीट आहे.
- न्यू यॉर्क राज्य: वेस्ट पॉइंटचं संग्रहालय आणि न्यू विंडसरचा ‘नॅशनल पर्पल हार्ट हॉल ऑफ ऑनर’.

वॉशिंग्टनमध्ये एकच दिवस असेल आणि गणवेशच बघायचे असतील, तर शहरातली गर्दी सोडून सरळ फोर्ट बेल्व्हॉरला जा, असं मी सांगेन. न्यू जर्सीत मुक्काम असलेल्यांना वेस्ट पॉइंट आणि न्यू विंडसर एका दिवसात होतं.

न्यू विंडसरचं महत्त्व थोडं सांगायला हवं. ७ ऑगस्ट १७८२ रोजी वॉशिंग्टनने साध्या सैनिकांसाठी जांभळ्या कापडाचा हृदयाच्या आकाराचा एक बिल्ला सुरू केला. तो मिळाल्याची नोंद तिघांचीच आहे: एलायजा चर्चिल, विल्यम ब्राउन आणि डॅनियल बिसेल. चर्चिलचा बिल्ला न्यू विंडसरलाच, शेजारच्या सैनिकी छावणीच्या ऐतिहासिक स्थळी जपलेला आहे. पुढे दीडशे वर्षं ही प्रथा विस्मरणात गेली. २२ फेब्रुवारी १९३२ ला, वॉशिंग्टनच्या दोनशेव्या जयंतीला, ती ‘पर्पल हार्ट’ या पदकाच्या रूपाने परत आली. आज हे पदक लढाईत शत्रूच्या हातून जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकासाठी असतं.

जाण्यापूर्वी दोन गोष्टी करा. एक, जी वस्तू मुद्दाम बघायची आहे ती सध्या मांडलेली आहे का, ते संकेतस्थळावर तपासा. लोकर आणि रेशीम उजेडाने विटतं, म्हणून कपडे आलटूनपालटून कोठारात जातात. दालनातला उजेड मंद असतो तोही याच कारणाने, आणि फ्लॅश बंद ठेवायला सांगतात तेही. दोन, अभ्यासासाठी कोठारातली वस्तू बघायची असेल तर संग्रह विभागाला काही आठवडे आधी लिहा. पत्रात वस्तूचा नोंद क्रमांक द्या. ऑनलाइन सूचीत तो मिळतो. ‘सिव्हिल वॉरचे गणवेश बघायचे आहेत’ अशा मोघम पत्राला मोघमच उत्तर येतं.

कोट वाचायचा क्रम

आधी डावं-उजवं पक्कं करा. पाटीवर ‘डावी बाही’ लिहिलं असेल तर ती कोट घालणाऱ्याची डावी, म्हणजे तुम्ही समोर उभे असाल तर तुमच्या उजव्या हाताला. निम्मा गोंधळ इथेच होतो.

मग वरून खाली या:

1. कॉलर. इथे शाखा कळते. आडव्या-तिडव्या बंदुका म्हणजे पायदळ, तोफा म्हणजे तोफखाना, तलवारी म्हणजे घोडदळ, किल्ला म्हणजे इंजिनिअर, दोन झेंडे म्हणजे सिग्नल. वैद्यकीय विभागाला काठीभोवती वेटोळे घातलेले दोन साप.
2. खांदा. अधिकाऱ्याचा हुद्दा इथे. सोनेरी पट्टी सेकंड लेफ्टनंटची, चंदेरी पट्टी फर्स्ट लेफ्टनंटची, दोन चंदेरी पट्ट्या कॅप्टनच्या. मेजरला ओकचं सोनेरी पान, लेफ्टनंट कर्नलला चंदेरी, कर्नलला चंदेरी गरुड, त्यापुढे तारे.
3. दंड. शिपाई ते सार्जंटांच्या फिती आणि तुकडीचं कापडी चिन्ह. डाव्या दंडावर सध्याची तुकडी. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून उजव्या दंडावर, ज्या तुकडीबरोबर सैनिक युद्धात होता तिचं चिन्ह.
4. मनगट. इथे काळ मोजलेला असतो. खाली सविस्तर बघू.
5. छाती. डाव्या खिशावर पदकांच्या रिबन. मोठा मान वरच्या ओळीत, आणि त्या ओळीत घालणाऱ्याच्या उजवीकडून सुरुवात. उजव्या खिशावर, सोनेरी चौकटीतली निळी रिबन दिसली तर तो मान एकट्याचा नसून सगळ्या तुकडीचा.

मनगटापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबा. बहुतेक पाट्यांवर त्याबद्दल चकार शब्द नसतो.

पहिल्या महायुद्धाच्या कोटावर मनगटाजवळ सोनेरी ‘व्ही’ दिसतो. तो डाव्या बाहीवर असेल तर परदेशातले सहा महिने. अगदी तसाच ‘व्ही’ उजव्या बाहीवर असेल तर एक जखम. डाव्या दंडावर टोक वर असलेली लाल फीत म्हणजे माणूस सन्मानाने सेवामुक्त झालेला.

दुसऱ्या महायुद्धात ‘व्ही’ जाऊन आडव्या सोनेरी पट्ट्या आल्या. एक पट्टी म्हणजे परदेशात सहा महिने, आणि जागा डाव्या बाहीची. त्याच बाहीवरची तिरकी पट्टी मात्र एकूण नोकरीची: भूदलात तीन वर्षांना एक, नौदल आणि मरीनमध्ये चार वर्षांना एक.

आता समजा, तुमच्यासमोर कमरेपर्यंतचा आखूड लोकरी कोट आहे. १९४४ च्या नमुन्याचा हा कोट जनरल आयझेनहॉवरच्या लाडक्या नावावरून ‘आइक जॅकेट’ म्हणून ओळखला जातो. डाव्या दंडावर एक ढाल: खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्यावर चीनचा सूर्य आणि भारताचा तारा. बाहीवर तीन फिती आणि त्यांच्याखाली ‘टी’ अक्षर. मनगटाजवळ चार आडव्या सोनेरी पट्ट्या, एक तिरकी. उजव्या खिशावर कापडी चौकोनात पंख पसरलेला सोनेरी गरुड.

याचं वाचन असं: माणूस चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर होता. ‘टी’मुळे तो तंत्रज्ञ, चौथ्या श्रेणीचा. हे अक्षर १९४२ मध्ये आलं आणि १९४८ मध्ये गेलं, म्हणजे काळ आपोआप ठरला. परदेशात त्याने किमान दोन वर्षं काढली, नोकरी तीन वर्षांहून जास्त. आणि गरुड सांगतो की तो युद्ध संपवून घरी निघाला होता. सेवामुक्तीनंतर काही दिवस गणवेशात फिरायची मुभा असे. हा माणूस पळपुटा नाही हे लष्करी पोलिसांना त्या गरुडावरून कळत असे. सैनिक स्वतः त्याची टर उडवत, त्याला फुटक्या बदकाच्या नावाने ओळखत.

पाटीवर यातलं बहुधा एवढंच असेल: ‘लोकरी जॅकेट, दुसरं महायुद्ध’.

हमखास फसवणाऱ्या जागा

- चांदी सोन्यापेक्षा मोठी. अमेरिकी हुद्द्यांत चंदेरी चिन्ह सोनेरीच्या वर. आपल्या मनातलं गणित इथे उलटं करावं लागतं.
- फितींची दिशा. सिव्हिल वॉरमध्ये फितींचं टोक खाली असे. भूदलात १९०२ पासून ते वर गेलं.
- हवाई दल. स्वतंत्र हवाई दल १८ सप्टेंबर १९४७ ला जन्मलं, निळा गणवेश १९४९ मध्ये आला. त्याआधीचा वैमानिक भूदलाच्याच कोटात दिसेल. दंडावर पंखांचा तारा आहे का बघा.
- कॅप्टन. नौदलाचा कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा असतो.
- तेरा बटणं. खलाशांच्या जुन्या विजारीची तेरा बटणं तेरा वसाहतींसाठी, असं गाइडही ठोकून देतात. १८९४ पूर्वी सातच होती. पुढचा पडदा रुंद केला म्हणून ती वाढली.
- मरीनची लाल पट्टी. १८४७ च्या चापुल्तेपेकच्या लढाईत सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून ती आली, ही कथा मरीन अभिमानाने सांगतात. पण विजारीवरची पट्टी त्या लढाईआधीपासूनच होती. कथा म्हणून ऐका, इतिहास म्हणून लिहू नका.
- वॉशिंग्टनचा कोट. तो घालून त्याने स्वातंत्र्ययुद्ध लढलं असं धरून चालू नका. कोट १७८९ चा आहे. बंडी आणि विजार युद्धकाळातली.

दंडावरच्या चिन्हांचा उगम लक्षात ठेवण्याजोगा आहे. १८६२ मध्ये जनरल फिलिप कर्नीने दुसऱ्याच तुकडीच्या अधिकाऱ्यांना आपले समजून झापलं. तसं पुन्हा होऊ नये म्हणून त्याने आपल्या लोकांना टोपीवर लाल कापडाचा तुकडा लावायला सांगितलं. पुढच्या वर्षी प्रत्येक कोअरला आकार आणि त्यातल्या डिव्हिजनला रंग ठरला: पहिलीला लाल, दुसरीला पांढरा, तिसरीला निळा. खांद्याखालचं चिन्ह मात्र १९१८ मध्ये ८१ व्या डिव्हिजनच्या रानमांजराने रूढ केलं.

आणि एक चिन्ह काचेआड दिसलं तर पुढे जाऊ नका. ९३ व्या डिव्हिजनच्या बिल्ल्यावर निळं फ्रेंच शिरस्त्राण आहे. अमेरिकी सैन्यावर फ्रेंच टोपी कशी आली? या डिव्हिजनमधल्या कृष्णवर्णीय पलटणी पहिल्या महायुद्धात फ्रेंचांच्या हाताखाली देऊन टाकल्या होत्या. त्यांनी फ्रेंच शिरस्त्राणं घालून लढाई केली आणि नंतर तीच आपली खूण म्हणून मिरवली. वर्णभेदाची हकिगत इतक्या थोडक्यात सांगणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

देवळालीचा धागा आणि जरीचे बिल्ले

मुंबई-नाशिककडच्या संग्राहकांकडे अमेरिकी बिल्ले येतात, त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीसाठी अमेरिकी सैनिक मुंबई बंदरात उतरत. ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून गाजलेली ५३०७ क्रमांकाची तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबईत उतरली आणि आधी देवळालीच्या छावणीत गेली. तिथून ती देवगढला हलली. हे कोकणातलं देवगड नव्हे, ललितपूरकडचं. सुमारे तीन हजार माणसं १९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात शिरली. १७ मे १९४४ ला मिचिना इथली धावपट्टी घेईपर्यंत तुकडी रोगराईने आणि थकव्याने खिळखिळी झाली होती, आणि ऑगस्टमध्ये ती मोडण्यात आली. तिच्या अनधिकृत बिल्ल्यावर सूर्य, तारा आणि वीज होती. आज अमेरिकेच्या ७५ व्या रेंजर रेजिमेंटच्या चिन्हात तीच आहेत.

या आघाडीवरच्या सैनिकांना अमेरिकेतून आलेले यंत्रावर भरलेले बिल्ले पुरत नसत, आवडतही नसत. त्यांनी ते इथल्या शिंप्यांकडून आणि जरीकाम करणाऱ्यांकडून करून घेतले: कलाबतूचे, हाताने भरलेले, कधी रंगीत चामड्याचे तुकडे जोडून केलेले. म्हणून दोन बिल्ले कधी सारखे नसतात. कुठे सूर्याचे किरण कमीजास्त, कुठे तारा वाकडा. वाकडेपणामुळे बिल्ला नकली ठरत नाही.

पण जरीचा बिल्ला खरा धरून पैसे मोजण्याआधी थांबा. जरीचे बिल्ले भारत-पाकिस्तानात आजही घाऊक बनतात, आणि त्यातले जुने म्हणूनही विकले जातात. हे बघा:

- मागची बाजू. जुन्यात पाठीला कापड, कागद किंवा खळ दिसते आणि ती समान पिवळी पडलेली असते. पुढून काळवंडलेला आणि मागून कोरा, तर शंका घ्या.
- जर. खरी जुनी जर असमान काळी पडते. घडीत आणि कडांना चमक शिल्लक राहते. एकसारखा काळेपणा बहुधा चहाच्या किंवा रसायनाच्या पाण्याचा.
- टाके. कोटावर लावून काढलेल्या बिल्ल्याच्या कडेला सुईची भोकं असतात. नसली म्हणून तो खोटा नाही. न वापरलेला असू शकतो.
- कड. यंत्रावरच्या बिल्ल्याला जाड दोऱ्याची गोल गुंफलेली कड असेल, तर तो महायुद्धातला नाही, त्यानंतरचा.
- जांभळा दिवा. अतिनील दिव्याखाली झगमगणारा दोरा बहुधा कृत्रिम आणि नंतरचा. मात्र आजच्या साबणपावडरीने धुतलेला जुना कपडाही झगमगतो, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका.

विक्रेत्याची गोष्ट कितीही रंगतदार असली तरी पैसे वस्तूचे द्या, गोष्टीचे नको.

ट्रंकेत गणवेश सापडला, तर

सगळ्यात आधी काय करायचं नाही, ते:

- धुऊ नका, ड्रायक्लीनला देऊ नका, इस्त्री करू नका.
- पितळी बटणं आणि बिल्ले घासून चकचकीत करू नका.
- सैल झालेला बिल्ला ‘नीट’ शिवू नका, आणि एकही बिल्ला काढून वेगळा विकू नका. कोटापासून तुटलेल्या बिल्ल्याला मालक उरत नाही.
- डांबराच्या गोळ्या आणि प्लॅस्टिकची बंद पिशवी दोन्ही नको.
- सोबत काडतुसं, हातबॉम्बसारखं काही असेल तर हात न लावता पोलिसांना बोलवा. ‘निकामी असेल’ हा अंदाज तुम्ही करायचा नाही.

मग जिथे जसा सापडला तसाच फोटो काढा. नंतर खिसे तपासा. तिकिटं, पावत्या, चिठ्ठ्या असतील तर नोंद करून त्याच कोटासोबत ठेवा. कसर दिसली तर कोट बाकीच्या लोकरी कपड्यांपासून लगेच दूर करा आणि उपचाराचं एखाद्या वस्त्र-संवर्धकाला विचारा. ठेवायचा आडवा, मोठ्या आम्लविरहित खोक्यात, घड्यांमध्ये आम्लविरहित कागदाचे बोळे घालून. तो न मिळाल्यास धुतलेली, खळ नसलेली पांढरी मलमल चालते. तारेच्या हँगरवर वर्षानुवर्षं टांगलेल्या लोकरी कोटाचे खांदे फाटतात. माळा आणि तळघर, दोन्ही जागा वाईट. घरातलं कपाट बरं.

मालक कोण, हे शोधायचं कसं?

कॉलरची आतली बाजू, अस्तर आणि विजारीचा पट्टा उजेडात तिरका धरून बघा. महायुद्धातल्या कपड्यांवर शाईचा एक छोटा शिक्का असतो: आडनावाचं पहिलं अक्षर आणि सेवा क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. कपडे धुलाईला एकत्र जात, त्यात हरवू नयेत म्हणून ही खूण. अनोळखी कोटाला नाव मिळवून देणारा याहून चांगला धागा नाही. पूर्ण सेवा क्रमांक मिळाला तर पहिला आकडाही बोलतो: शिपायांमध्ये १ म्हणजे बहुतेक आपणहून भरती झालेला, २ म्हणजे नॅशनल गार्डमधून आलेला, ३ म्हणजे सक्तीच्या भरतीतला.

खिशात शिवलेली उत्पादनाची चिठ्ठीही वाचा. त्यावर कंत्राटाचा क्रमांक आणि बऱ्याचदा तारीख असते. व्हिएतनामच्या काळातल्या कपड्यांवर डीएसए ही अक्षरं आणि पुढे १००-६७ असं काही दिसलं, तर ६७ हे कंत्राटाचं आर्थिक वर्ष. मात्र ती कंत्राटाची तारीख झाली, सैनिकाने कपडा घातल्याची नव्हे.

नाव हाती आलं की पुढची वाट सेंट लुईसच्या ‘नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटर’कडे जाते. अर्ज ‘स्टँडर्ड फॉर्म १८०’ वर करायचा. नियम असे:

- सैनिकाला सेवेतून बाहेर पडून ६२ वर्षं झाली असतील तर कागद कुणालाही मागता येतात, शुल्क भरून. तुम्ही नातेवाईक असायची किंवा अमेरिकी नागरिक असायची गरज नाही.
- ६२ वर्षं झाली नसतील तर पूर्ण फाइल सैनिकाला, आणि तो हयात नसेल तर जवळच्या नातलगांना: पुनर्विवाह न केलेला जोडीदार, आई-वडील, मुलं, भावंडं. नातवंडं यात बसत नाहीत.
- १२ जुलै १९७३ च्या आगीत तिथल्या १ कोटी ६० लाखांहून जास्त फायली जळाल्या. १९१२ ते १९६० दरम्यान सेवामुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली त्यात गेल्या.

‘फाइल उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं म्हणून सोडून देऊ नका. अनेक सैनिकांनी घरी परतल्यावर सेवामुक्तीचा कागद आपल्या काउंटीच्या कचेरीत नोंदवून ठेवला होता, तिथे विचारा. तुकड्यांचे रोजचे हजेरी अहवालही बचावले आहेत. महायुद्धातल्या सेवामुक्तीच्या कागदावर पदकं आणि मोहिमा लिहिलेल्या असतात. तो कागद आणि कोटावरच्या रिबन जुळल्या, तर कोट त्याच माणसाचा मानायला बळकटी येते.

कोटाऐवजी नाव कोरलेलं ‘पर्पल हार्ट’ सापडलं असेल तर विकायच्या भानगडीत पडू नका. ‘पर्पल हार्ट्स रीयुनायटेड’ ही संस्था अशी पदकं कुटुंबाकडे परत पोचवते.

संग्रहालयाला द्यायचा असेल तर

थेट राष्ट्रीय संग्रहालयाचं दार ठोठावू नका. त्यांच्याकडे आइक जॅकेटांचे ढीग आहेत. सैनिक ज्या गावचा, तिथली काउंटीची इतिहास संस्था किंवा त्याच्या डिव्हिजनचं संग्रहालय हीच योग्य जागा. तिथे त्याच्या आडनावाला ओळख असते.

वस्तू टपालाने पाठवून देऊ नका, दारातही ठेवून येऊ नका. आधी फोटो आणि माहिती पाठवा. नकार आला तर तो वस्तूचा अपमान नाही; जागा कमी आणि तशाच वस्तू जास्त, एवढंच कारण असतं. होकार आला तर दानपत्रावर सही होते. सही करण्यापूर्वी हे समजून घ्या:

- दानपत्रानंतर मालकी पूर्णपणे संग्रहालयाची. पुढे तुमच्या मुलाला वाटलं म्हणून वस्तू परत मिळत नाही.
- ती मांडली जाईल अशी हमी कुणी देत नाही. ‘कायम प्रदर्शनात ठेवा’ अशी अट घातली तर बहुतेक ठिकाणी दानच नाकारतात.
- संग्रहातून पुढे कधी काढली तर काय करणार, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. लेखी धोरण मागा.
- देणगीदार म्हणून नाव लावायचं की गुप्त ठेवायचं, हे तुम्ही ठरवा.
- संग्रहालय किंमत सांगणार नाही. अमेरिकेत कर भरत असाल आणि वस्तूरूपी दानांची वजावट ५०० डॉलरच्या वर जात असेल, तर ‘फॉर्म ८२८३’ लागतो. ५,००० डॉलरच्या वर पात्र मूल्यमापकाचा अहवाल. दान घेणारं संग्रहालय स्वतः हा मूल्यमापक होऊ शकत नाही. करसल्लागाराला आधीच विचारा.

कायदा कुठे आडवा येतो?

जुना गणवेश बाळगायला, विकत घ्यायला अडचण नाही. अडचण येते ती पुढच्या गोष्टींत.

‘मेडल ऑफ ऑनर’ हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी मान. त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे. कुणी देऊ केलं तर घेऊ नका, भारतात आणायचा विचार तर नकोच.

अधिकार नसताना अमेरिकी सैन्याचा गणवेश घालून फिरणं हाही तिथे गुन्हा आहे. तिथल्या महाराष्ट्र मंडळांच्या हौशी नाट्यसंचांकडून यावर वारंवार विचारणा होते. नाटक-सिनेमात भूमिकेपुरता गणवेश घालायला कायद्यातच मुभा आहे. पूर्वी तीत एक मेख होती: भूमिकेने सैन्याची बदनामी होता कामा नये. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाख्त खटल्यात ती काढून टाकली. तो खटला रस्त्यावरच्या हौशी नाटुकल्याचाच होता, त्यामुळे हौशी रंगमंचाला घाबरायचं कारण नाही. फक्त प्रयोग संपला की गणवेश उतरवून मग जेवायला बाहेर पडा.

पदक मिळाल्याची थाप मारणं हा स्वतंत्र विषय. नुसती थाप गुन्हा ठरवणारा २००५ चा कायदा न्यायालयाने २०१२ मध्ये रद्द केला. २०१३ च्या कायद्याने, ठरावीक पदकं मिळाल्याची थाप मारून पैसा, मालमत्ता किंवा ठोस फायदा उपटणं हा गुन्हा ठरवला.

फोटो छापायचे असतील तर

दालनात स्वतः काढलेला फोटो घरगुती वापरासाठी ठीक. लेखात, पुस्तकात छापायचा असेल तर त्या संग्रहालयाचे नियम वाचा. स्मिथसोनियनने फेब्रुवारी २०२० मध्ये आपल्या संग्रहातल्या लाखो प्रतिमा कुणालाही, कशासाठीही वापरायला खुल्या केल्या. सूचीत वस्तूखाली ‘सीसीझिरो’ अशी खूण असेल तर परवानगी मागायची गरज नाही. खूण नसेल तर मात्र विचारा, ‘शैक्षणिक वापर आहे’ एवढं म्हणून भागत नाही. भूदलाच्या कुठल्याही चिन्हाचा अधिकृत अर्थ हवा असेल, तर फोर्ट बेल्व्हॉरच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ हेराल्ड्री’ या सरकारी कार्यालयाचं संकेतस्थळ विनामूल्य आहे. विकिपीडियाआधी तिथे बघा.

एक विनंती, देणाऱ्यांना आणि ठेवणाऱ्यांनाही. कोट कुठे सापडला, कोणाकडून आला, कधी आला, सोबत काय होतं, हे आजच एका कागदावर पेन्सिलीने लिहा, तारीख घाला, आणि तो कागद कोटाच्या खोक्यात ठेवा. संग्रहालयाचा माणूस सगळ्यात आधी तोच मागेल.